हलवलं, पण उठवलं नाही

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात एका टेबलावर आठ फोन ओळीने निजवलेले असतात. सात कंपनीचे आणि आठवा ढुंढिसरांचा स्वतःचा. नवं काही तयार झालं की आधी ते स्वतःच्या फोनात घालायचं, मग लोकांच्या, हा त्यांचा नेम. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “विंचूरकर, चांदवडकडची मंडळी या आठवड्यात कधीही येतील. वाजला की हाक मार.” आणि आतल्या खोलीत कामाला बसले.

मी हाक मारली नाही, कारण फोन वाजलाच नाही. आणि तो वाजला नाही, कारण मी तो मारून टाकला होता. आठही एकदम. फुटले नाहीत, तापले नाहीत, नुसते थिजले. पडद्यावरचं घड्याळ दिसत होतं, पण पुढे सरकत नव्हतं. मी मात्र खाली टपरीवर स्वतःच्या हुशारीबद्दल स्वतःलाच चहा पाजत होतो.

ही हुशारी काय ते सांगतो. फोनची मेमरी म्हणजे सारख्या मापाची पानं. ॲप चालता चालता ती विस्कटतात, मधेमधे रिकाम्या फटी पडतात. स्वस्त फोनात जागा आधीच कमी, म्हणून चालू ॲपच्या पोटातली पानं सरकवून जागा करणं हा आमचा धंदा. ॲपने एखाद्या पत्त्यावर हात घातला आणि तिथे पान नसलं, की फोनची मुख्य यंत्रणा ॲपला जागच्या जागी थांबवते आणि आमच्या प्रोग्रॅमला निरोप धाडते, की तुमचं माणूस आलंय, बघा. आम्ही पान आणून ठेवायचं आणि थांबलेल्याला उठवायचं. पूर्वी आम्ही पानाची नक्कल करून नव्या जागी ठेवायचो. सरांनी ते बंद केलं. नक्कल नाही, तेच पान उचलायचं आणि नव्या पत्त्यावर ठेवायचं. जुना पत्ता रिकामा. अट एकच, पान एकट्याचं हवं. दुसऱ्या कुणाशी सामाईक असलं तर यंत्रणा हलवूच देत नाही.

मी घाई केली. दर पानामागे उठवत बसण्यापेक्षा पुष्कळ पानं हलवू आणि शेवटी सगळ्यांना एकदम उठवू, असं ठरवलं. कल्पना चांगली होती, हे मी अजूनही म्हणतो, हळू आवाजात. फक्त शेवटी उठवताना पत्ता दिला तो जुना, पानं जिथून उचलली तिथला. थांबलेले सगळे नव्या पत्त्यावर, आणि मी रिकाम्या घरासमोर हाका मारतोय.

हे कळलं ते दुपारी, इंदिराकाकूंमुळे. त्या सरांच्या पत्नी, बँकेत असतात आणि कामाच्या वेळेत फोन करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या फोनवर लावला.

“ज्ञानेश, यांचा फोन कुठे मेलाय? रामकुंडावरून फुलवाली नवसाबाई सकाळपासून लावतेय. शेवटी बँकेत कुणालातरी पाठवलं तिने. माणसं अस्थी घेऊन बसलीत रे.”

मी टेबलाकडे पाहिलं. आठही फोनांत सकाळच होती.

सरांना मी आत जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते उठले आणि म्हणाले, “गाडी काढ.”

ढुंढिसरांचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यायांचं. तिथली रीत अशी, की आलेल्याला आधी गाव आणि आडनाव विचारतात. ज्या घराण्याचं ते गाव, त्याच घरच्याला बोलावणं जातं. तो येईपर्यंत माणूस थांबतो. वडलांनंतर हे काम सरांचे थोरले भाऊ अण्णा करायचे. सर इंजिनिअर झाले, पुण्याला राहिले, परत आले, पण घाटाकडे वळले नाहीत. गेल्या माघात अण्णा वारले. जाताना एवढंच म्हणाले होते, “आपलं गाव घाटावर ताटकळू देऊ नकोस, ढुंढ्या.”

तेव्हापासून सर पहाटे घाटावर. विधी आटोपायचा, नवसाबाईच्या फुलांच्या टपरीमागे सोवळं सोडून पँट चढवायची आणि कपाळावरच्या गंधासकट ऑफिसात हजर. आम्ही विचारायचो, “सर, आज कुठलं गाव?” ते सांगायचे आणि लगेच आमच्या चुका काढायला बसायचे. पंचावन्नाव्या वर्षी हे दोन्ही पेलत नव्हतं, डोळ्यांवरून दिसायचं. चुलतभाऊ देवव्रत पूर्णवेळ घाटावरच असतो. त्याने दोनदा सुचवलं होतं की गावं मी सांभाळतो. दोन्ही वेळा सर म्हणाले, “बघू.” ती गावं सोडणं म्हणजे त्यांना अण्णांना दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं वाटत असावं.

नवसाबाईच्या टपरीच्या सावलीत चांदवडकडच्या साळूबाई बसल्या होत्या. तांबड्या फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर. खाली टेकवायचं नाही, म्हणून सकाळपासून तसंच. विधीआधी खायचं नाही, म्हणून पोटात पाणीसुद्धा नाही. त्यांचा जावई आम्हाला बघून उठलाच.

“गुरुजी, किती जणांनी इचारलं, आम्ही करून देतो म्हून. पण आई ऐकंल तर! आमचे गुरुजी येतील, एकच धोशा.”

साळूबाईंनी सरांच्या मागे पाहिलं. अजून कुणी येतंय का, असं. “अण्णा गुरुजी कुठं हायेत? सासऱ्यांचं त्यांनीच केलं व्हतं.”

“अण्णा गेले, मावशी. माघातच.”

“आन् आमाला कुणी सांगितलं नाय?”

अण्णांचं सगळं काम सरांनी स्वतःकडे घेतलं होतं, पण ज्यांच्यासाठी घेतलं त्यांना कळवायचं राहून गेलं होतं.

पाण्याजवळ बसल्यावर सरांनी विचारलं, “गेलेल्यांचं नाव?” जावई जीप बाजूला लावायला गेला होता. साळूबाई थांबल्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नसावं. मीही थांबलो, सरही थांबले. कुणी घाई केली नाही.

“भिमाजी,” त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून पुन्हा एकदा, “भिमाजी.”

सरांनी ते नाव मंत्रात घेतलं आणि विधी सुरू केला.

सगळं झाल्यावर मी पुढे होऊन म्हटलं, “मावशी, चूक माझी आहे. माझ्यामुळे तुम्ही ताटकळलात.”

“तुझी कशी रं? तू तर आत्ता आलास.”

मी समजावू लागलो. नवसाबाईंनी हात उडवला आणि साळूबाईंना म्हणाल्या, “राहू दे, त्याच्या कारखान्यात कायतरी बिघडलं म्हणायचं. फोन लावून लावून बोट झिजलं माझं! त्यात माझा बी फोन बैलावानी बसतोय. पोरा, तुझं ते सरकवायचं माझ्या फोनात घाल की.”

“पुढच्या आठवड्यात घालतो, मावशी,” मी म्हटलं. त्या क्षणी मी कुणालाही काहीही कबूल केलं असतं.

सर तोवर देवव्रतच्या छत्रीखाली जाऊन उभे होते. “आमची गावं तू घे.”

देवव्रत दचकला. “दादा, सगळी कशाला? जवळची ठेवा तुमच्याकडे. रविवारचं करत जा.”

“नको. सामाईक ठेवलं की दोघंही म्हणणार, दुसरा बघेल. आणि माणूस उन्हात.”

“परत हवी झाली तर?”

“नाही मागणार.”

एवढंच. मग त्यांनी साळूबाईंना हात धरून देवव्रतकडे आणलं. “मावशी, यापुढे हे. अण्णांच्या जागी.”

साळूबाईंनी देवव्रतला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. “पुढच्या खेपंला मलाच आणतील. तवा फोन चालू ठिवा म्हंजे झालं.”

देवव्रतला हसावं की नाही कळेना. सर खाली बघत होते.

माझी चूक एका ओळीची निघाली. जुन्या पत्त्याच्या जागी नवा. सरांनी आठही फोन एकेक करून पाहिले आणि म्हणाले, “आता उठतायत.” शिकवणी वगैरे काही नाही. पण त्यानंतर पुढचे काही दिवस डबा खाल्ल्यावर ते खिडकीशी उभे राहून फोन लावायचे. एकेक गाव. “नमस्कार, नाशिकहून ढुंढिराज. अण्णांचा धाकटा भाऊ. एक सांगायचं राहिलं होतं.” पलीकडून काय येत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, काही वेळा ते नुसतं “हो, हो” म्हणत राहायचे. त्यांच्या कपाळावर आता गंध नसतं. कुठलं गाव, असं आम्ही विचारत नाही.

नवसाबाईंचा फोन मी बघितला. इतका जुना, की त्यातल्या यंत्रणेला पान हलवणं ठाऊकच नाही. आमचं काही त्यात जाणार नाही, हे त्यांना सांगायला हवं. पंचवटीकडे जाताना त्या टपरीवर दिसतातच.

“काय रं,” त्या ओरडतात, “आला का तुझा पुढचा आठवडा?”

“येतोय, मावशी,” मी म्हणतो आणि गाडी दामटतो.