बदकाचा कप आणि बरणीभर मिरच्या

आमच्या टोळीत त्याला भूकंप म्हणत. रस्ता फोडायचा ब्रेकर त्याने एकतीस वर्षं चालवला. तो मशीन लावायचा तेव्हा समोरच्या इमारतीतल्या लोकांचा चहा कपात हिंदकळायचा, म्हणून हे नाव. तो फोडून पुढे गेला की मागून मी यायचो. मी गवंडी. चेंबर, भिंती, पायऱ्या. मला अजून सगळे मिस्त्री म्हणतात. तो फोडायचा, मी बांधायचो. आमची दोस्ती अशी जमली.

दोघेही निवृत्त झालो. त्याचं मशीन थांबलं, हात थांबले नाहीत. एवढी वर्षं मूठ धरून बोटांतली जाणीव गेली आणि थरथर तेवढी राहिली. थंडीत तर बोटं खडूसारखी पांढरी पडतात. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, सवय करून घ्या. त्यानंतर त्याला तोंडावर कोणी भूकंप म्हणेना. मी म्हणत राहिलो. दुसऱ्या कशाने हाक मारली तर तो वळूनच बघत नाही.

सवय मात्र वहिनींनी करून घेतली. त्याच्या हातातून एकेक काम त्या काढत गेल्या. आधी कुलूप-किल्ली, मग दाढी, मग शर्टाची बटणं. मायेनेच, पण काढून घेतली. शेवटी एक दिवस मी गेलो तर हा टेबलाशी बसून लहान मुलाच्या कपातून चहा पीत होता. पिवळा कप, वर घट्ट झाकण, झाकणाला चोच. कपावर बदक.

"हसू नकोस, मिस्त्री."

"मी कुठे हसलो?"

"मिशी हलली तुझी."

"बदक बरं आहे," मी म्हणालो. "टोपीसुद्धा घातलीय."

वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना चिडवू नका. तीनदा सांडला गरम चहा. दोनदा स्वतःच्या मांडीवर, तिसऱ्यांदा माझ्या पायावर."

"मला माझा काचेचा ग्लास पाहिजे," भूकंप म्हणाला.

"मग हातांनी एक तरी काम शेवटापर्यंत करून दाखवा."

"कोणतं?"

वहिनी बाहेर आल्या. हातात अर्धी चावलेली मिरची होती. "ही बघा. मिरची म्हणून विकतात. अख्खी खाल्ली तरी डोळ्यांत टिपूस नाही. खरी तिखट मिरची पिकवा. वाळवून ही बरणी गळ्यापर्यंत भरा. बी टाकण्यापासून तोडण्यापर्यंत तुमचे हात. भाऊजींनी माती आणावी, आधाराच्या काठ्या बांधाव्यात, बाकी कशाला शिवायचं नाही. आणि सगळं थंडी पडायच्या आत."

"थंडी पडली हे कोण ठरवणार?"

"तुमची बोटं. ज्या दिवशी पांढरी पडतील त्या दिवशी मुदत संपली."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी दुसरा कपही आणून ठेवलाय. त्यावर ससा आहे."

त्या वर्षीची थंडी तेव्हा नुकती सरत आली होती. भूकंप दुसऱ्याच दिवशी नर्सरीत गेला. नर्सरीवाल्याने विचारलं, किती तिखट हवी? हा म्हणाला, "बायको गप्प बसेल इतकी."

"तेवढी तिखट अजून निघाली नाही," नर्सरीवाला म्हणाला आणि त्याने होती त्यातली सगळ्यात जहाल जात दिली.

बी एक रात्र कोमट पाण्यात भिजवलं. ट्रेमध्ये माती भरली आणि पेन्सिलीने नखभर खोल भोकं पाडली. एका भोकात एक बी, असा बेत होता. पहिलं बी भोकात पडलं. दुसरं माझ्या चहात. तिसरं सापडलंच नाही. मग त्याने उरलेली सगळी मूठ ट्रेवर सोडून दिली. त्याला पेरणी म्हणत नाहीत, खडी टाकणं म्हणतात. ट्रे फ्रिजवर ठेवला, कारण तिथे ऊब असते. हा दिवसातून दहा वेळा स्टुलावर चढून बघायचा. वहिनी स्टूल धरायच्या. स्टुलाबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

तेराव्या दिवशी कोंब दिसले. एका कोपऱ्यात गर्दी, बाकी ट्रे ओसाड.

कुंड्यांची माती मी केली. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाडी वाळू. वाळू माझ्या चाळणीतून दोनदा काढली. प्रत्येक कुंडीच्या तळाचं भोक काडी घालून तपासलं. पाणी तुंबलं की मिरचीचं मूळ सडतं. रोपांना चार-चार पानं आल्यावर भूकंपाने ती कुंड्यांत हलवली. खोडाला धरायचं नाही, पानाला धरायचं, असं असतं. तेरा रोपांपैकी पाच मोडली, आठ राहिली. मी त्याला सांगितलं, नवशिका गवंडी पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त विटा मोडतो. तो दिवसभर खूश होता.

पाणी कधी द्यायचं यावरून अडलं. बोट मातीत खुपसून ओल बघायची असते, पण याच्या बोटाला ओल कळत नाही. त्याने आपली रीत काढली. कुंडी उचलायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर तशीच खाली. जन्मभर तीस किलोचं मशीन उचललेला माणूस. वजनात एकदाही चुकला नाही.

कुंड्या बाल्कनीत होत्या. ऊन भरपूर, पण सरकत्या काचा कायम बंद, कारण खाली रस्ता खोदत होते आणि वहिनींना धूळ चालत नाही. भूकंप काचेला नाक लावून खालच्या ब्रेकरवाल्यांच्या चुका काढत बसे.

"बघ, बघ, सगळा जोर मनगटावर घेतोय. अरे, कमरेने रेट! वीस वर्षांनी बदकातून चहा पिशील, गाढवा!"

काच बंद. खालच्याला काही ऐकू जात नसे. तो हात हलवून हसायचा.

रोपं गुडघ्याएवढी झाली आणि कलायला लागली. मी काठ्या घेऊन गेलो. ओळंबा धरून एकेक काठी सरळ उभी केली आणि रोप तिला तीन ठिकाणी सुतळीने आवळलं. कुंडी ढकलली तरी पान हलू नये, असं बांधलं. काम करायचं तर तसं. सात झाली. आठवी काठी चिरलेली निघाली. चिरलेली काठी मी वापरत नाही. म्हटलं, उद्या दुसरी आणतो. दुसऱ्या दिवशी माझी पाठ धरली आणि मी तीन आठवडे अंथरुणात.

बरा होऊन गेलो तेव्हा बाल्कनीच्या फरशीवर पांढरी फुलं पडली होती. साती बांधलेल्या रोपांची फुलं देठासकट गळत होती. मिरची एक नाही. आठवं रोप, बिनकाठीचं, भूकंपाच्या खुर्चीशेजारी होतं. त्याला अकरा मिरच्या.

"याला काय घातलंस?"

"काही नाही."

"खरं सांग."

"नुसता धरून बसतो. तू काठी आणली नाहीस. कोणीतरी धरायला हवं ना."

मला पटलं नाही. मी म्हटलं, बाकीच्यांना खत कमी पडतंय. वाढव. त्याने वाढवलं. पानं तळहाताएवढी झाली, हिरवीगार, आणि फुलं गळतच राहिली. त्यात आणखी दोन आठवडे गेले. ती चूक माझी.

वहिनींनी सशाचा कप धुऊन ओट्यावर पालथा घातला. "धूळ बसली होती हो," म्हणाल्या.

शेवटी भूकंप नर्सरीवाल्याला घरी घेऊन आला. त्याने आल्या आल्या काचा बघितल्या.

"कायम बंद?"

"धूळ येते," वहिनी म्हणाल्या.

त्याने एक सुतळी बोटाने ओढून बघितली. ओढली गेली नाही. "हे कोणी बांधलं?"

"मी," मी म्हणालो.

"काय काम करायचात?"

"गवंडीकाम. चौतीस वर्षं."

"तरीच. ही भिंत झालीय." मग तो खाली बसला आणि एक फूल उलटं करून दाखवलं. "मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं. आतली पिवळी भुकटी आतल्या आत झडली पाहिजे, बस. पण त्यासाठी फूल हललं पाहिजे. बाहेर वारा हलवतो, माशी हलवते. इथे वारा नाही, माशी नाही, वरून हे आवळून टाकलंय. इथे हलवणार कोण?"

भूकंप खुर्चीत बसला होता आणि सवयीने त्याचा हात आठव्या रोपावर होता. खोड थरथरत होतं. पानं थरथरत होती. प्रत्येक फूल बारीक बारीक हलत होतं, न थांबता.

नर्सरीवाल्याने हात बघितला. मग मिरच्या बघितल्या. मग पुन्हा हात.

"हे मशीन कुठून आणलंत?"

पहिल्यांदा वहिनी हसल्या. त्या हातावर त्यांना हसताना मी कधी बघितलं नव्हतं. तोंडावर हात ठेवला, मग दाराची चौकट धरली, मग खालीच बसल्या. भूकंप हसला नाही. तो आपला हात पुढे धरून बघत होता, नवीन हत्यार बघतात तसा.

"मिस्त्री," तो म्हणाला, "सोड सगळ्यांना."

मी सातही रोपांच्या सुतळ्या कापल्या. पुन्हा बांधल्या त्या सैल, बोट आत जाईल एवढ्या. न हलणाऱ्या वस्तू उभारण्यात माझं आयुष्य गेलं. असं सैल बांधायला मला जड गेलं, पण बांधलं.

त्यानंतर त्याची रोजची पाळी सुरू झाली. सकाळी दहाला सुरुवात. एका रोपाचं खोड धरायचं, साठ अंक मोजायचे, पुढच्याकडे जायचं. नंबर सात आळशी आहे, नंबर तीनला लाज वाटते, असं तो सांगायचा. नर्सरीवाला जाताना म्हणाला होता की काचा उघडल्या तरी चालेल. हा म्हणाला, "वारा कशाला? मी आहे ना." खत बंद केलं. फुलं टिकली. मिरच्या धरल्या, वाढल्या, लाल झाल्या.

पहिली लाल मिरची वहिनींनी शेंड्याकडून तांदळाएवढी तोडून जिभेवर ठेवली. त्या गप्प झाल्या. मी घड्याळ लावलं. दोन ग्लास पाणी आणि एक वाटी दूध धरून चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. भूकंपाच्या डोळ्यांतून आनंदाने पाणी आलं. मग त्याने त्याच बोटांनी डोळे पुसले. त्याच्या बोटांना मिरची कळत नाही. डोळ्यांना कळते. संध्याकाळपर्यंत तो नळाखाली होता.

मिरच्या वाळत गेल्या तशा बरणीत गेल्या. हवा बदलली, सकाळी खिडकीला धुकं धरायला लागलं. एक दिवस बरणी गळ्याला लागली. भूकंपाने ती स्वतः उचलली आणि बाल्कनीतून टेबलापर्यंत दोन्ही हातांत धरून आणली. बारा पावलं. टेबलावर ठेवली तेव्हा ती दोन बोटं कमी भरली होती. हातांच्या थरथरीने मिरच्या खाली बसल्या होत्या. काँक्रीटही असंच बसतं, त्यासाठी वेगळं मशीन येतं.

"भरली होती," तो म्हणाला. "मिस्त्री, तू बघितलीस."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. भरली म्हणा, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"आता अपुरी आहे," मी म्हणालो. "ठरलं होतं गळ्यापर्यंत."

वहिनींना माझा राग आला. भूकंपाला नाही आला. तो वाकून बरणी बघत राहिला, मग म्हणाला, "बरोबर आहे. दोन बोटं." त्याच्या कामात कितीतरी दिवसांनी कोणी खोट काढली होती. तो उठला आणि झाडांकडे गेला. अजून पंचवीसेक मिरच्या पिकायच्या होत्या.

त्यांना वेळ लागला. लाल झाल्या तशा त्याने त्या तोडल्या आणि वाळायला फ्रिजवर ठेवल्या, जिथे बी ठेवलं होतं तिथेच. त्याच आठवड्यात मी एका सकाळी गेलो तर हा घरात खिशात हात घालून फिरत होता. दार त्याने कोपराने उघडलं.

"हात दाखव."

"श्शू." त्याने खिशातून बोटं वर काढून दाखवली. खडू.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, पायांत मोजे. त्यांनी खिशांकडे बघितलं. चांगलं लक्षपूर्वक बघितलं.

"यंदा थंडी लांबलीच म्हणायची," त्या म्हणाल्या. "मला तर उकडतंय." आणि त्यांनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला.

मी काही बोललो नाही. बरणी माझ्या अखत्यारीत होती. थंडी नव्हती.

वहिनी सहा दिवस बिनस्वेटरच्या वावरल्या. सातव्या दिवशी शेवटच्या मिरच्या कडक वाळल्या. या वेळी बरणी टेबलावर ठेवूनच भरली. भूकंपाने ती दोन्ही हातांत धरून मुद्दाम मिनिटभर हलू दिली, बसलेल्या जागी आणखी घातल्या, पुन्हा हलू दिली. मी गळ्याशी पट्टी लावून बघितली. भरली होती. वहिनींनी आधी स्वेटर घातला, मग चहा ठेवला.

काचेचा ग्लास त्यांनी काठोकाठ भरला. मी त्यातला अर्धा परत भांड्यात ओतला. भरलेलं घमेलं घेऊन शिडी चढणारा मूर्ख असतो. अर्धं न्यावं, दोन फेऱ्या कराव्यात. भूकंपाने दोन फेऱ्या केल्या. टेबलावर सांडला तो एका चमच्याएवढा.

बदकाचा कप आता बाल्कनीत असतो. त्याच्या चोचीतून बारीक धार पडते, कोवळ्या रोपाला तेवढीच लागते. यंदा ट्रेमध्ये एकवीस कोंब आहेत. सशाचा कप मात्र वहिनींनी टाकला नाही. पुसून परत खोक्यात ठेवलाय. म्हणतात, हा भाऊजींसाठी. माझे हात ठणठणीत आहेत. तरी त्यांच्याकडे गेलो की मी चहा अर्धाच घेतो.