गाठीपर्यंतची तिरकी वाट

सीटी स्कॅनच्या खोलीत सिस्टरला एकवीस वर्षं झाली होती. लिव्हरमधल्या गाठीचा तुकडा सुईने काढायचा असला, की पेशंटला श्वास धरायला शिकवायचं काम तिचं. ते तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. फार पूर्वी एक म्हातारी ऐन वेळी खोकली, सुई फुप्फुसाला लागली आणि आठवड्याने ती गेली. सिस्टरच्या मनातून ते काही गेलं नाही. तेव्हापासून ती आदल्या दिवशीच पेशंटच्या उशाशी बसून त्याच्याकडून श्वास धरण्याचा सराव घोटून घ्यायची.

या वेळी टेबलावर तिचा थोरला भाऊ होता. शिंपी माणूस, हट्टी. आईवडिलांमागे तिला त्यानेच शिकवलं होतं. गाठ भलत्या अडचणीच्या जागी होती. लिव्हरच्या अगदी माथ्यावर, वर फुप्फुस, शेजारी हृदय. आज तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करू, असं डॉक्टरांनी सुचवून पाहिलं. ती नाही म्हणाली.

"जन्मभर मी सुया टोचल्या," भाऊ म्हणाला, "आज माझी पाळी." हसू मात्र ओठांवर आलंच नाही.

वरून सरळ गेलं तर फुप्फुस आडवं येणार, म्हणून डॉक्टरांनी खालच्या बरगड्यांमधून तिरकी वाट धरली. जागा बधिर केली. सुई जेमतेम कातडीखाली गेली, तोच भावाने घाबरून छातीभर श्वास घेतला. स्क्रीनवर गाठ दोन बोटं खाली सरकली. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थबकला.

तिने त्याच्या पोटावर तळवा ठेवला. "दादा, मोठा श्वास नको. रोजच्यासारखा घे, सोड, आणि तिथेच थांब. माझ्याबरोबर."

"जमेल का गं?"

"काल वीस वेळा जमलंय."

जमलं. दर वेळी तो थांबायचा, डॉक्टर स्क्रीनवर सुईचं टोक बघायचे आणि मगच नखभर पुढे सरकायचे. तुकडा मिळाला. नंतर चार तास ती डोळ्यांत तेल घालून त्याचं ब्लडप्रेशर बघत बसली. रक्तस्राव नाही, फुप्फुसाला धक्का नाही. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. इतकं स्वच्छ काम क्वचित होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता, तोही दुसरीकडून पसरत लिव्हरपर्यंत पोचलेला. दुकानात जाऊन तिनेच त्याला सांगितलं. त्याने समोरच्या अर्धवट शिवलेल्या कोटातली सुई काढून बाजूला ठेवली.

"किती दिवस आहेत?"

"माहीत नाही रे," ती म्हणाली. तिला अंदाज होता. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही. स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि कोट पुरा करायला घेतला.

पाचव्या महिन्यात तो गेला. कामावर परतल्यावर सिस्टरने त्या खोलीतून बदली मागितली. डॉक्टरांनी खूप समजावलं. कुणाच्याही पोटावर तळवा ठेवला की दादाचाच श्वास हाताला लागतो, एवढंच ती म्हणाली. आता ती तळमजल्यावर जखमांची ड्रेसिंग करते.