दोन दोऱ्यांचा तांडेल

मोटार सुरू झाली नाही की बाकीचे ड्रायव्हर तिला शिव्या घालत. तांडेल हँडल खाली ठेवायचा, माझ्याकडे वळायचा आणि विचारायचा, "मास्तर, काल काय काय झालं त्ये सांगा." तिकिटं फाडणारा मी, म्हणून मास्तर. कालचा पाऊस किती, वारा कुठला, मोटार कुठं उभी होती, हे सगळं मला सांगावं लागे. मला वाटे, नादुरुस्त यंत्राचा कालच्या वाऱ्याशी काय संबंध? त्या वयात मला पुष्कळ गोष्टी उगीचच वाटत.

पूर्वी तो खरोखरच तांडेल होता, स्वतःच्या होडीचा म्होरक्या. होडी खडकावर फुटली, तेव्हा मुंबईला जाऊन गॅरेजात राबला आणि ड्रायव्हर होऊन परत आला. नाव मात्र तेच राहिलं. त्याच्या टोपीत कायम एक कोरडं फडकं घडी करून ठेवलेलं असे. "सगली मोटार भिजंल, पन ह्ये भिजू देनार न्हाय," म्हणायचा. प्रवासी हसत. मीही हसायचो.

एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. आमची मोटार श्रीवर्धनहून म्हसळ्यावरून माणगावला जाई. मालकांनी ती मुंबईत कुणाची तरी वापरून झालेली घेतली होती. आषाढ-श्रावणात रस्ताच बंद, त्यामुळे आमचं दुखणं पावसाळ्याच्या दोन टोकांचं. तेही सरळ नव्हे. रात्रभर धो धो कोसळून सकाळी ही बया पहिल्या हँडलला सुरू व्हायची आणि एखाद्या दिवशी नुसत्या भुरभुरीनं मुकी होऊन बसायची. मालकांनी पुढे लिंबू-मिरची बांधली. गाठ मीच मारली होती.

तांडेलाला लिहिता येत नव्हतं. त्यानं जाळ्याच्या सुताच्या दोन दोऱ्या चाकाजवळ टांगल्या. पाऊस पडला की एकीला गाठ. मोटारीनं खारवलेली मासळी नेली की दुसरीला. गाठ पडो न पडो, रोज दोन्ही दोऱ्या बोटभर पुढं सरकवायचा, म्हणजे एकेका बोटाला एकेक दिवस. भाद्रपदात एका सकाळी त्यानं दोन्ही दोऱ्या शेजारी धरून मला दाखवल्या. जिथं जिथं गाठीला गाठ भिडली होती, ते ते दिवस मोटार न सुरू होण्याचे होते. मोटार कुठल्या दिवशी अडली हे मी तिकिटांच्या हिशेबाच्या वहीत लिहीत असे; ती वही काढून पडताळलं. एकही दिवस चुकला नव्हता.

मासळीच्या टोपल्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर बांधल्या जात, कारण मागं बांधल्या तर वास येतो म्हणून प्रवासी कुरकुरत. धावत्या मोटारीत त्यांचं खारं पाणी उडून थेट इंजिनात जाई. पण तेवढ्यावर तांडेलाचं समाधान नव्हतं. पुढच्या वेळी मोटार अडली तेव्हा भर दुपारी त्यानं आत अंधार व्हावा म्हणून इंजिनावर घोंगडी पांघरली, आत डोकं घातलं आणि मला हँडल मारायला लावलं. "ह्ये बघा, ह्ये बघा," असा आतून ओरडला. हँडल एका प्रवाशाच्या हाती देऊन मीही डोकं घातलं. ठिणगी वाटणारं काळं झाकण असतं, त्यावर केसाएवढी चीर होती आणि त्या चिरेतून निळी ठिणगी सापासारखी भलतीकडे पळत होती.

"चिरंत मीठ बसलंय. सुकलं की गप असतं, ओल लागली की जागं व्हतं," तो म्हणाला. टोपीतलं फडकं काढून झाकण पुसलं, आणि मोटार सुरू झाली.

मुंबईहून नवं झाकण आणवा आणि टोपल्या मागे बांधा, एवढंच त्यानं मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "होडी बुडवून आलास, आता मला मोटार शिकवतोस?" कोळीवाड्यातही बोंब झाली, आपलाच माणूस मासळीला नावं ठेवतो म्हणून. मग तो माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी सांगा. तुमची वही हाय. तुमचं आयकतील." मी म्हणालो, योग्य वेळ बघून सांगतो.

ती वेळ आली. मालकांचे व्याही परत निघाले होते. आदल्या दिवशी मालकांनीच दहा टोपल्या पाठवल्या होत्या आणि रात्री पाऊस शिंपडून गेला होता. मोटार मुकी. तांडेलानं फडकं काढलं. "पाव घंटा द्या," म्हणाला. मालक गरजले, "पाहुण्यांसमोर उघडून बसू नकोस. हँडल मार!" हात सोलवटेपर्यंत त्यानं हँडल मारलं. व्याही बैलगाडीनं गेले आणि तांडेलाला मालकांनी तिथंच, चारचौघांत, काढून टाकलं. माझी वही माझ्या काखेत होती. मी ती काखेतच ठेवली. मलाही नोकरी होती, असं मी स्वतःला अजून सांगतो.

महिन्याभरानं मुंबईहून टोपवाला मेकॅनिक आला. त्यानं झाकण बदललं आणि टोपल्या मागे बांधायला सांगितलं. मालक मला म्हणाले, "याला म्हणतात डोकं!" मी म्हणालो, "होय."

पुढं तांडेल बाजारात भेटला. स्वतःचं काही बोलला नाही. "मोटार कशी हाय?" विचारलं.

"चालते."

"पावसात पन?"

"पावसात पण."

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे झाकन बदललं! मी आदीच बोललो व्हतो, ह्ये मालकांना सांगलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

इतकं सोपं खोटं मी आयुष्यात बोललो नसेन. दुसऱ्या दिवसापासून धुतलेला सदरा घालून तो सकाळी मोटारीपाशी येऊन उभा राहू लागला. मालकांकडे बघे, माझ्याकडे बघून हसे आणि मोटार सुटली की घरी जाई. संक्रांतीनंतर यायचा थांबला.

शिमग्याच्या सुमारास त्याची बायको मासळी घेऊन आली. तांडेल दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो, असं तिनं सांगितलं. मी तिची टोपली मागे बांधत होतो.

"मास्तर, दर्यावर पन टोपीत त्ये कोरडं फडकं ठेवतात ओ. मालकांचं बोलावनं येनार म्हनतात. येल ना?"

मी गाठ आवळली.

"येईल," म्हणालो.