काळविटं बघायला निघालो आणि नागापुरात इंजिन उघडलं

आमचा सगळा संसार नगरमध्ये झाला, पण रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य काही आम्ही पाहिलं नाही. जवळच तर आहे, जाऊ कधीतरी, असं म्हणत राहिलो. मग हे निवृत्त झाले, मुलीजवळ राहायला आम्ही पुण्याला आलो, आणि ते 'कधीतरी' आणखी लांबलं. या हिवाळ्यात एका सकाळी चहाचा कप चाचपत हे स्वतःच म्हणाले, "काळविटं बघून येऊ. दिसतंय तोवर."

यांना काचबिंदू आहे. दोन्ही बाजूंचं दिसणं केव्हाच गेलं. आता समोर नळीतून बघावं तेवढंच दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

ओळख करून द्यायची तर, नगरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवण्यात यांचं आयुष्य गेलं. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून इथून पुढं मीही सरच लिहिते. गाडी मी चालवते. नातवंडं खेळवायच्या वयात शिकले, आणि शिकवलं सरांनीच. शेजारच्या सीटवर बसून ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, "आता गिअर टाक. उशीर केलास." आमची पेट्रोलची छोटी गाडी जुनी आहे, पण तिची सगळी देखभाल सरांच्या हातची, त्यामुळे मला कधी भीती वाटली नाही.

शनिवारी सकाळी निघालो. सोलापूर रस्त्यानं पाटसपर्यंत, तिथून डावीकडे दौंड, मग भीमेचा पूल ओलांडला की आपला जिल्हा. रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॅक्टरांमागे जीव मुठीत धरून चालवावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागं दिव्याचा पत्ता नसतो. काष्टीला थांबून श्रीगोंद्यामार्गे कर्जतला मुक्काम करायचा, आणि रविवारी पहाटे रेहेकुरी, असा बेत होता.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर शनिवार टाळा. काष्टीचा बाजार शनिवारी भरतो. बैल, म्हशी, शेळ्या, त्यांना आणणारे टेम्पो, भाजीचे ढीग, सगळं रस्त्याला लागून. आम्ही गरम भजी खाल्ली, चहा घेतला, सरांनी बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत बराच वेळ काढला. पण बाजारातून बाहेर पडताना गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ऊन चढलेलं, इंजिन चालू, पुढं एक म्हैस टेम्पोत चढायलाच तयार नाही.

गावाबाहेर येऊन जरा वेग घेतला तेवढ्यात गाडी थरथरायला लागली.

"एक सिलिंडर मारत नाही," सर म्हणाले. "समोर काय पेटलंय?"

"इंजिनचं पिवळं चित्र."

"आणि टेम्परेचरचा काटा?"

काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला होता. माझं लक्षच नव्हतं. सरांनी शांतपणे सांगितलं, "बाजूला घे आणि बंद कर. बॉनेट उघड, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस."

बाभळीखाली गाडी घेतली. बॉनेट उघडल्यावर वाफेचा लोट आला. इंजिन थंड व्हायला बराच वेळ गेला. तोवर दुचाकीवरून जाणारे एक आजोबा थांबले. "काय झालं मावशी? पानी हाय का? पलीकडं माझी वस्ती हाय, कळशी आनून देतो." आणि खरंच घेऊन आले.

सरांकडे कोड वाचायचं एक छोटं यंत्र असतं. स्टेअरिंगखाली खोचलं की मोबाईलवर कोड येतो. पूर्वी ते स्वतः वाचायचे. मी वाचून दाखवलं, "पी शून्य तीन शून्य दोन."

"पी म्हणजे इंजिन-गिअरकडचं दुखणं. तीनशेच्या घरातला कोड म्हणजे मिसफायर. शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर," सर म्हणाले. "पण कोड एवढंच सांगतो की दुसऱ्यात जळण नीट होत नाही. का होत नाही, ते आपण शोधायचं. प्लग असेल, कॉइल असेल, काहीही. ऑइलचं झाकण काढ. आतून कसं आहे?"

झाकणाच्या आत साय धरल्यासारखा फिकट थर होता. सरांनी मला गाडी क्षणभरच चालू करायला लावली आणि स्वतः मागं जाऊन उभे राहिले. पांढरा धूर आला. त्यांनी वास घेतला.

"गोडसर आहे. कूलंट जळतंय. हेड गॅस्केट गेलं," ते म्हणाले. हे सांगताना ते जवळजवळ खुशीत होते. त्यांना कारण सापडलं होतं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये ते पातळ गॅस्केट असतं. ते जळलं की पाणी, तेल आणि आग एकमेकांत मिसळतात. ही सरांचीच व्याख्या, लग्नानंतर पहिल्या वर्षी मला जेवताना सांगितलेली. "हेड उतरवायचं, घासून सपाट करून आणायचं, नवं गॅस्केट, नवे बोल्ट. सोमवारी आपण रेहेकुरीत."

त्यांनी दत्ताला फोन लावला. दत्ता म्हणजे सरांचा विद्यार्थी, आता पन्नाशीला टेकलेला. श्रीगोंदा तालुक्यातल्या शेतकरी घरातला. नागापूरच्या एमआयडीसीत त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. "सर, तुमी तिथंच थांबा, आलोच," म्हणाला आणि खरोखर पिकअप घेऊन आला. आमची गाडी टोचन करून नगरला नेली. दौंड-नगर रस्त्यानं आमच्या गाडीत स्टेअरिंगवर मी होते, पुढं ताणलेला दोर, आणि सर दर थोड्या वेळानं, "दोर ढिला पडू देऊ नकोस." माझी बोटं आखडून गेली.

नगरमध्ये आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलंय. सावेडी ओलांडून मनमाड रस्त्याला लागलो तेव्हा सर विचारत होते, इथं ते पिंपळाचं झाड आहे का, तिथं ते सायकलचं दुकान आहे का. काही होतं, काही नव्हतं. दत्तानं घरी राहायचा आग्रह केला, पण सरांना परक्या घरात भिंतीला हात लावत फिरणं आवडत नाही. सावेडीत एका साध्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ होती आणि खालच्या खानावळीत बाजरीची भाकरी आणि शेंगोळे मस्त मिळाले.

रविवारी दुपारपर्यंत दत्तानं हेड उतरवलं. सरांना स्टूल दिलं, हातात जुनं गॅस्केट दिलं. सरांनी डोळे मिटून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधल्या पट्टीवर बोट थांबलं.

"इथं जळलंय."

"बरोबर, सर."

सर हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं हसताना पाहत होते. "हेड फेसिंगला पाठव. गॅस्केट चांगलं आण, स्वस्तातलं नको. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेर कसत जायचं, विसरला नाहीस ना?"

"न्हाई सर."

थोड्या वेळानं दत्तानं मला पाणी द्यायच्या निमित्तानं बाहेर बोलावलं. "काकू, गॅस्केट जळलंय हे खरं. पण हेडला चीर हाय. दोन नंबरच्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधी. रंग मारून बघितलं मी. नवं गॅस्केट टाकून काही उपयोग न्हाई. आन् दुसरं हेड बसवून एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करा, असं मी तरी म्हननार न्हाई."

दत्तानं दारातून आत सरांकडे बघितलं.

"सरांना मी सांगतो, की गॅस्केट मिळत न्हाई. कंपनीनं बंद केलंय म्हनतो. लई दिवसांनी हसले, काकू. कसं सांगू त्यांना?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण गेली दोन वर्षं सगळे त्यांच्याशी असंच बोलतात. आता डॉक्टरसुद्धा बोलतात, मुलगी बोलते, जावई बोलतात. बरं वाटावं म्हणून. आणि त्यांना ते प्रत्येक वेळी कळतं, मग रात्रभर जागे असतात. मी दत्ताला म्हटलं, "नको. मी सांगते."

आत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, हेडला तडा आहे म्हणतोय दत्ता."

सरांनी हातातलं गॅस्केट खाली ठेवलं. मग म्हणाले, "दत्ता, कलर टेस्ट केलीस?"

"केली, सर."

"परत कर. माझ्यासमोर."

दत्तानं हेड पुसून टेबलावर घेतलं. लाल रंग फवारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला. मग त्यावर पांढरी पावडर मारली. आम्ही तिघं वाट बघत उभे होतो. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, केसाएवढी.

"आली?" सरांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं.

"कुठून कुठवर?"

"दोन गोल खाचा आहेत ना, त्यांच्या मधे. एकीपासून दुसरीपर्यंत. जरा वाकडी."

सर वाकले. नाक टेकेल इतक्या जवळ गेले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, त्या नळीत रेघ सापडेल म्हणून. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. बोटाला ती लागणारच नव्हती, कुणाच्याच लागली नसती.

"लाल आहे ना?"

"हो."

"मला सगळं पांढरंच दिसतंय," ते म्हणाले.

दत्ता पाठमोरा होऊन नळावर हात धुवायला लागला. बराच वेळ धूत होता.

सरांनी बोट चिंधीला पुसलं, अगदी नीट, नखाच्या कडेपर्यंत. "दत्ता," ते म्हणाले, "असल्या हेडवर नवं गॅस्केट टाकणाऱ्याला मी परीक्षेत पास केलं नसतं. गाडी तुझ्याकडेच राहू दे. जे चांगलं निघेल ते वापर."

निघताना म्हणाले, "मला जरा गाडीत बसव." मी सवयीनं डावीकडचं दार उघडलं. "तिकडं नाही." मग उजवीकडचं उघडलं. सर स्टेअरिंगवर बसले. क्लच दाबला, पहिला टाकला, दुसरा, तिसरा, पुन्हा न्यूट्रल. हेड नसलेल्या गाडीत हे चाललं होतं. दत्ता बघत होता, मी बघत होते. मग सर उतरले आणि म्हणाले, "तिसरा अजून अडकतो."

रेहेकुरी राहू दे, घरी जाऊ, असं मी म्हणत होते. दत्तानं ऐकलं नाही. "सर, एवढं आलात आन् काळवीट न बघता जानार व्हय?" सोमवारी पहाटे तो स्वतःची गाडी घेऊन लॉजवर हजर. मिरजगाववरून कर्जतच्या दिशेनं रस्ता जातो. जाणार असाल तर पाणी आणि खाणं सोबत ठेवा, जवळ फारसं काही मिळत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. गेटवर नाव लिहून माफक शुल्क भरायचं. आत झुडपं, वाळकं गवत आणि मोकळं आभाळ.

आम्ही तिथल्या निरीक्षण मनोऱ्याजवळ उभे होतो. थंडी होती, सरांनी मफलर कानावर ओढलेला. आणि गवतातून कळप निघाला. बऱ्याच माद्या, पिल्लं, आणि मागं एक नर, पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगं पिळदार.

"सर, तिकडं! तिकडं बघा, दिसतंय का?" दत्ता कुजबुजला.

"हो हो," सर म्हणाले. "वा! काय देखणं जनावर आहे."

ते उजवीकडे बघत होते. कळप डावीकडे होता.

दत्ताचा चेहरा फुलला. "म्हनलं न्हवतं, सर? दिसनारच!" मी सरांचा हात धरला होता, तो तसाच धरून ठेवला. कळप गवतात शिरेपर्यंत सर उजवीकडेच बघत होते, आणि हसत होते.

कर्जतच्या स्टँडवर दत्तानं आम्हाला पुण्याच्या एसटीत बसवून दिलं. सरांच्या पाया पडला. वाटेत सर खिडकीशी टेकून होते, झोपले होते की नाही माहीत नाही.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. खाली पार्किंगमधल्या आमच्या जागेत शेजाऱ्यांनी स्कूटर लावायला विचारलं, तेव्हा सरच म्हणाले, "लावा, लावा." मुलगी म्हणते, आई, तू नवी छोटी गाडी घे. घेईन कदाचित. दत्ताचा अधूनमधून फोन येतो. सरांना काळवीट दाखवलं, हे तो सगळ्यांना सांगतो म्हणे.

तुमच्यापैकी कुणाचं असं 'जाऊ कधीतरी' राहिलं असेल तर जाऊन या, एवढं लिहून मी हे संपवणार होते. पण काल संध्याकाळी बाल्कनीत बसलो असताना सर एकदम म्हणाले, "मला काळवीट दिसलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"दत्ता किती खूश होता."

"हो. म्हणूनच मीही म्हटलं." खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. "आता सांग. होतं कसं ते?"

मी सांगायला लागले. गवत पिवळं होतं, म्हटलं, आणि त्यात तो काळा—

"थांब," सर म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. "कुठून निघाले, तिथपासून सांग. घाई करू नकोस."