आईची साक्ष

मी जात्याच संशयी. पाहुणा फार गोड बोलू लागला की माझं लक्ष त्याच्या पिशवीकडे जातं. म्हणून भाऊ गेल्यानंतर सहा महिन्यांनी आई चर्चमध्ये जाऊ लागली, तेव्हा मी पहिला प्रश्न केला, "यात त्यांचा फायदा काय?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकला लागूनच आमचा फुलांचा मळा होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा टेम्पो बाजारात न्यायचा होता आणि माझा एकोणीस वर्षांचा भाऊ म्हणाला, अंग दुखतंय. तरी गेला. चौथ्या दिवशी दवाखान्यात संपला. डॉक्टरांनी तीन तापांची नावं घेतली, खात्री एकाचीही दिली नाही.

"माझं काय चुकलं?" आई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. उत्तर प्रत्येकाकडे तयार. कुणी म्हणे कुळाचार राहिला, कुणी पितृदोष काढला, आत्याने तर विहिरीची दिशाच चुकीची ठरवली. आई सगळं खाली मान घालून ऐकायची आणि पुढचं ताट तसंच सारायची.

एक निवृत्त मास्तरीणबाई दर शनिवारी चर्चसाठी आईकडून निशिगंध न्यायच्या. त्यांनाही आईने तेच विचारलं. त्या टोपलीजवळ मांडी घालून बसल्या.

"ठाऊक नाही हो, ताई," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून प्रभूला विचारते. भांडूनसुद्धा विचारते. उत्तर नाही मिळालं, पण तो ऐकतो असं वाटतं."

मला हा डाव वाटला. गांजलेलं माणूस लवकर हाती लागतं, हे काय मला कळत नव्हतं? बाई ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे "सलाम, ताई" म्हणाल्या की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. आई चर्चमधून आली की मी तिची पिशवी चाचपायची. गाण्यांचा एक कागद आणि पेपरमिंटच्या गोळ्या, याशिवाय कधी काही सापडलं नाही. त्यामुळे संशय आणखीच वाढला.

एका शनिवारी आई म्हणाली, "उद्या लवकर निघायचं हाय. मला साक्ष द्यायची हाय."

चुलत्यांशी बांधावरून आमचा दावा चालू होता. आमच्या घरात साक्ष म्हणजे कोर्ट, वकील आणि अंगठा. हिचा अंगठा कुठल्या कागदावर घेणार होते कोण जाणे! रविवारी कोर्ट बंद असतं, एवढंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. कागद नव्हता, वकीलही नव्हता. एकेक जण उठून देवाने आपल्याला कसं सावरलं ते सांगत होता. यालाच ते लोक साक्ष म्हणत होते. मग आई उठली. डोक्यावर पदर, पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरलेली.

"माझ्या पोराला ताप होता," ती म्हणाली. "मी म्हनले, नाटकं करतो, कामाचा कंटाळा. मीच धाडला त्याला टेम्पोवर. तो का गेला, मला कळलं नाय. देवानं बी सांगितलं नाय. पन हितं येऊन बसते, तर घरी दोन घास जातात. येवढंच."

"आमेन," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मी जागच्या जागी थिजले. कारण त्या दिवशी आई म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे, पडू दे त्याला." नाटकं करतो, असं मी म्हणाले होते. त्याच्या कपाळाला हातसुद्धा न लावता. इतके महिने घरात त्या शब्दाचा उच्चार कुणी केला नव्हता आणि मला वाटत होतं, आई विसरली.

घरी येताना मी तिला गाठलं. माझा आवाज चढलाच. "देवासमोर खोटं का बोललीस?"

ती चालायची थांबली नाही. "देवाला खरं ठाऊक हाय," ती म्हणाली. "लोकांना कशाला?"

यात हिचा फायदा काय, हे मला विचारता आलं नाही. भाऊ गेल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, भर रस्त्यात. आईने पिशवीतली पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.