माझ्या वाट्याचे हलके व्यायाम

मोशीत आमच्या घरामागच्या मैदानावर कबड्डीत चढाई करताना माझा डावा गुडघा गेला. कोणी धरलंही नव्हतं. मी मध्यरेषेकडे वळले, पाऊल मातीत रुतून राहिलं आणि वरचं अंग तेवढं फिरलं. आतून काहीतरी तुटल्याचं मला कळलं आणि मी जी ओरडले ते पार हायवेपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

तेव्हा मी तिशीला टेकले होते. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग जोडायचं काम करत होते आणि शिफ्ट संपली की कबड्डी. लग्न झालं, मोडलं, मी माहेरी परत आले, पण कबड्डी तेवढी सुटली नव्हती. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. कुबड्या घेऊन घरी आले तशी आई म्हणाली, "आता बास कर बाई. धड चालाया आलं तरी लई झालं."

नुसतं चालून माझं भागणार नव्हतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच मला आकुर्डीकडच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात पाठवलं. तिथं पुढचं शिक्षण घेणारी एक मुलगी खेळताना गुडघा दुखावलेल्या बायकांवर संशोधन करत होती. माझ्याहून लहान असेल, पण आम्ही सगळ्या तिला ताईच म्हणायचो. तिनं नीट समजावलं, "ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू वाळतो. तो परत कसा भरतो ते मला बघायचंय. एका गटाला नेहमीचे व्यायाम, दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला जड वजनं. कोण कुठल्या गटात ते मी ठरवणार नाही. बंद पाकीट तुम्हीच उचलायचं."

माझ्यासोबत त्याच दिवशी आणखी एक बाई आली होती. शाळेत खेळाची शिक्षिका. भोसरीत तिच्या अब्बांचं गॅरेज होतं. मुलींना हँडबॉल शिकवताना उडी मारली आणि उतरताना तिचाही गुडघा माझ्यासारखाच गेला होता. आम्ही शेजारी बसून पाकिटं फोडली. तिला वजनं निघाली, मला नेहमीचे व्यायाम.

मी हसले, पण आतून जळले. दोन गटांमधल्या पडद्यापलीकडून लोखंडी प्लेटांचा आवाज यायचा आणि इकडे मी घोट्याला रबरी पट्टा बांधून पाय मागे-पुढे करत बसायचे. बसस्टॉपवर ती भेटली की आधी तिच्या मांडीकडेच माझं लक्ष जायचं. मला वाटायचं ती भरत चाललीय आणि माझी आहे तिथंच आहे.

तिला ते कळलं असावं. एका रविवारी तिनं मला गॅरेजवर बोलावलं. शटर अर्धं ओढलेलं होतं. कोपऱ्यात इंजिनांची जुनी फ्लायव्हील, म्हणजे जड लोखंडी चाकं, पडली होती, त्यातलं एक तिनं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "इथं कोण बघतंय? छातीशी धर आणि स्टुलावर हळूहळू बस-ऊठ कर. मला शिकवलंय तेच तुला शिकवते."

लोखंड गार होतं आणि ऑइलनं हात काळे झाले. मी तशीच उभी राहिले.

"ताईंनी विचारलं, घरी काय काय केलं, तर काय सांगू?"

"सांग, काही नाही केलं."

मग तीच माझ्या हातातून ते चाक काढून घेत म्हणाली, "नको. ताईंच्या सगळ्या कामाची वाट लागेल." आम्ही चहा प्यायलो आणि मी घरी आले.

पुढच्या खेपेला मी ताईंना सरळच विचारलं, "चांगलं काय ते तुम्हाला माहीत असून मला हलकं का देता?"

त्यांनी हातातली मोजपट्टी बाजूला ठेवली. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "अंदाज आहे, पण वजनानं एखादीचा गुडघा बिघडूही शकतो. माहीत असतं तर पाकिटं कशाला केली असती? तुम्हाला बाहेर पडायचं असेल तर आज पडा. मी वजनं शिकवेन, राग धरणार नाही. फक्त गटात राहून दुसऱ्या गटाचं करू नका."

माझं लग्न ठरवणाऱ्यांपासून ते लाइनवरच्या सुपरवायझरपर्यंत प्रत्येकाला माझं भलं कशात आहे ते पक्कं माहीत असायचं. मला माहीत नाही, असं शिकलेल्या माणसानं माझ्या तोंडावर म्हणायची ही पहिलीच वेळ. मी गटात राहिले. पट्टाही मग मन लावून ओढायला लागले.

मध्येच एकदा शिक्षिकेचा गुडघा सुजला. वजनं थांबवावी लागली. बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून ती रडली, "शाळेत परत उडी मारता येईल का गं मला?" त्या दिवशी मी पडद्यापलीकडे तिच्याजवळ बसून राहिले. माझा जळफळाट तिथंच संपला. सूज उतरल्यावर ताईंनी वजन कमी करून तिला पुन्हा उभं केलं.

आमच्यापुरती मोजमापं पूर्ण झाली. निष्कर्ष काय ते ताई एवढ्यात सांगायला तयार नव्हत्या, अजून बायका यायच्या होत्या. पण नेहमीचे व्यायाम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्यांनी वजनं शिकायला बोलावलं. पहिल्यांदा खांद्यावर वजनांचा दांडा घेतला आणि मी खाली जाईचना. गुडघा वाकवायचीच भीती बसली होती. शिक्षिका मागं उभी होती. "जा खाली, मी धरलंय," म्हणाली. मी खाली गेले आणि वर आले. वर आल्यावर बघते तर तिनं हातही लावला नव्हता.

उडी मारून एका पायावर नीट उतरता यायला लागलं तेव्हा ताईंनी मैदानावर जायला परवानगी दिली. सरावात पहिल्याच चढाईला कोपऱ्यातल्या पोरीनं माझा डावा घोटा पकडला. मग मी तिला तशीच ओढत मध्यरेषेला बोटं टेकवली. पोरींनी गलका केला.

आई कधी येऊन मैदानाच्या कडेला बसली होती कुणास ठाऊक. मी घाम पुसत तिच्याजवळ गेले. ती माझ्या पायाकडं टक लावून बघत होती.

"व्हय गं," तिनं हळूच विचारलं, "ती तुझी ताई माझा गुडघा बी बघंल का? जिना उतरताना लई कळ मारतोय."

"आधी का नाही बोललीस?"

"तुझं बरं होतंय का ते बघत हुते."

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी आकुर्डीच्या बसमध्ये बसलो. खिडकीची जागा तिनं घेतली.