बादलीभाऊंची सही

ट्रेलरच्या कारखान्यात बादलीभाऊंना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. हजेरीला कारकून ते नाव पुकारायचा, तेव्हा खुद्द बादलीभाऊसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघायचे. त्यांचं काम एकच. गाडीच्या मागे जोडून कुठेही न्यायची ती चाकांवरची घरं तयार होऊन शेवटच्या शेडमध्ये आली, की शिडी लावून छपरावर चढायचं, मोजून बारा बादल्या पाणी ओतायचं आणि खाली उतरून बघत राहायचं. पाणी पुढच्या अंगाने सरसर वाहून गटारात गेलं आणि आत कुठे थेंब दिसला नाही, की कपाटाच्या दाराला आतून एक पिवळं कार्ड चिकटवायचं. त्यावर लिहिलेलं असे, ‘छप्पर तपासले’. खाली बादलीभाऊंची सही. सही कसली, चांगलं ऐसपैस चित्रच ते. शेवटची रेघ कार्डाच्या बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना हात आवरता घ्यावा लागे.

कारखान्यात नळी होती, पण नळी त्यांना पटायची नाही. नळीने पाणी मारणं म्हणजे झाडांना पाणी घालणं, तपासणी नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि मत एकदा झालं की ते बदलायची सवय भाऊंना लहानपणापासून नव्हती. वय झालं अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतात, तरी बादली दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. चार वर्षांत त्यांच्या हातून एकही छप्पर दुरुस्तीला परत गेलेलं नाही, ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. जुन्यांना ती पाठ होती.

म्हणूनच त्यांच्या ताईने जेव्हा ट्रेलर घ्यायचं ठरवलं, तेव्हा दुसऱ्या कारखान्याचं नावही काढलं नाही. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच भाऊंना वाढवलेलं. शाळेत पोचवणं, डोक्याला तेल लावणं, पाठीत धपाटे घालणं, सगळं तिनेच. भाऊ अजूनही तिच्यासाठी ‘बाळ’च होते. भावोजी बसचे ड्रायव्हर. तीस वर्षं दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवून निवृत्त झाले, आणि म्हणाले, आता आपण दोघांनी फिरायचं. त्यांची छाती नाजूक होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फिरा खुशाल, मोकळी हवा चांगलीच आहे, फक्त ओलीपासून जपा. दोघांनी भाड्याचं घर सोडलं, सामान वाटून टाकलं आणि चाकांवरच्या घरात राहायला गेले. त्यांच्या ट्रेलरवर भाऊंनी बारा नाही, वीस बादल्या ओतल्या. थेंब आत आला नाही. ताईने कार्डावरची सही बघितली आणि भावोजींना म्हणाली, “बाळाची सही आहे. आता वर बघायचंसुद्धा काम नाही.”

दीड महिन्याने तिचा फोन आला. “बाळा, छपरावर पाणी साचतंय रे. पाऊस थांबून दोन दिवस झाले, तरी मधे तळं आहे. ह्यांनी शिडीवरून पाहिलं.”

“अगं, ट्रेलर तिरका लावला असेल,” भाऊ म्हणाले. तोंडात घास होता, तो गिळायचीही त्यांना गरज वाटली नाही. “भावोजींना सांग, बस उभी करणं वेगळं आणि ट्रेलर वेगळा. चाकाखाली फळी घाला, जाईल पाणी.”

हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. तक्रारखिडकीवरच्या बाईंनाही त्यांनीच ते शिकवलं होतं. असे फोन अधूनमधून यायचे, आणि बाई अगदी गोड आवाजात सांगायच्या, तुम्ही ट्रेलर तिरका लावला असेल. लोक फोन ठेवून द्यायचे. भाऊंना वाटायचं, प्रश्न मिटला.

ताईचा पुन्हा फोन आला नाही. तीन आठवडे गेले. एका रविवारी भाऊ आपण होऊन तिच्याकडे गेले, तेही छपरासाठी नव्हे, सहज. ट्रेलरमध्ये पाऊल टाकलं आणि आधी वासानेच त्यांना अडवलं. ओल्या लाकडाचा, कोंदट वास. पलंगाच्या मधोमध एक घमेलं ठेवलेलं. वर छपरातल्या झरोक्याच्या कडेने लाकूड काळं पडून फुगलेलं. गादी एका बाजूला उभी करून ठेवलेली, आणि दुसऱ्या बाजूच्या चिंचोळ्या बाकावर भावोजी भिंतीला टेकून बसलेले. ते खोकत होते. एकदा सुरू झाला की खोकला थांबायचं नावच घेत नव्हता.

“तुला कळवायचं नाही म्हणाले,” ताई म्हणाली. “म्हणाले, तो सांगतोय ना तिरका आहे, मग आपलंच चुकत असणार.”

बाहेर चाकापाशी फळ्यांचा ढीग होता. तीन आठवडे हा माणूस, छातीचा त्रास असलेला, चिखलात गुडघे टेकून कधी डाव्या चाकाखाली फळी घालत होता, कधी उजव्या. भिजला, सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली. आणि ताई शेजारी उभी राहून त्याला बोलत होती.

“एक ट्रेलर सरळ लावता येत नाही तुम्हाला, असं म्हणायचे मी,” ती म्हणाली. “रोज म्हणायचे.”

 रविवारीही खांद्याला असायची त्या कामाच्या पिशवीतून भाऊंनी सपाटी बघायची पाणसळ काढली. ती लाकडी पट्टी, मधल्या काचेत हिरवट पाणी आणि एक बुडबुडा. आधी चाकाखालच्या सगळ्या फळ्या काढल्या. मग आत जमिनीवर पाणसळ आडवी ठेवली. बुडबुडा मधे. उभी ठेवली. बुडबुडा मधे. जागा बदलली. तो शहाण्यासारखा मधेच बसून राहिला. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने ट्रेलर काट्यावर तोलल्यासारखा सरळ लावला होता.

मग ते छपरावर चढले. झरोक्याभोवती छप्पर परातीसारखं खोलगट झालं होतं आणि त्यात चार बोटं पाणी उभं होतं. पाण्यात कुजलेली पानं, डासांच्या अळ्या. झरोक्याच्या कडेची फट बुजवणारी चीक सुटून पाणी थेट आत जात होतं.  वीस बादल्या ओतल्या होत्या त्यांनी, स्वतःच्या हाताने. तेव्हा हे पाणी कुठे गेलं होतं?

ते खाली उतरले आणि पुढच्या दांड्याचा जॅक थोडा फिरवला. ट्रेलरचं नाक खाली गेलं. तोच वरून ओळखीचा आवाज आला. पाणी सरसर पुढे धावलं आणि समोरच्या काठावरून खाली पडलं, अगदी कारखान्यात पडायचं तसं. जॅकचं हँडल धरून भाऊ तिथेच उभे राहिले. 

“काय झालं रे?” ताईने विचारलं.

“काही नाही,” भाऊ म्हणाले. “तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चला. इथे राहायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सोमवारी, हजेरीआधी, ते एकटेच शेवटच्या शेडमध्ये गेले. आपल्या नेहमीच्या जागी, जिथे ट्रेलर उभा राहायचा तिथे, फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा टोकाला गेला आणि तिथेच चिकटून बसला.

आणि ही फरशी कुणी केली? चार वर्षांपूर्वी याच शेडमध्ये साचलेल्या पाण्यात भाऊ सपशेल आपटले होते. मनगट मोडलं होतं. बरे होऊन परत आल्यावर त्यांनी साहेबांचं डोकं खाल्लं, की फरशीला उतार द्या. उतार द्यायला गवंडी आला, तर हे त्याच्या मानेवर बसले. अजून दे, अजून दे, पाणी एक क्षण थांबता कामा नये. गवंड्याने वैतागून दिला. पाणी थांबायचं बंद झालं. फरशीवरही, आणि फरशीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक छपरावरही. चार वर्षांत परत न गेलेलं प्रत्येक छप्पर त्या उतारावर पास झालं होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केबिनचं दार लावलं आणि पाणसळ टेबलावर ठेवायला सांगितली.

“भाऊ, तुमच्या ताईंचा ट्रेलर आज आणा. परवापर्यंत नवं छप्पर बसवून देतो, माझ्या शब्दावर. वाशे जाड घालू, मधे उंचवटा देऊ, सगळं नीट. फक्त ही पट्टी परत शेडमध्ये नेऊ नका.”

“आणि बाकीचे ट्रेलर?”

“बाकीच्यांची तक्रार आली की बघू.”

“तक्रारी आल्यात, साहेब. आपण त्यांना सांगितलंय, तुम्ही तिरका लावला. मीच शिकवलंय ते.”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. “विचार करा. ताई म्हातारी आहे, घरात आजारी माणूस आहे. उगाच सगळ्यांच्या रांगेत तिला कशाला उभं करता?”

भाऊ बाहेर आले. त्यांनी विचार केला, आणि सांगायला लाज वाटते, पण अर्धा तास ते साहेबांच्याच बाजूने विचार करत होते. ताईचं छप्पर परवा होईल. भावोजींना कोरडी जागा मिळेल. बाकीच्यांना ते ओळखतही नव्हते. आपल्या माणसाचं आधी बघितलं, तर कोण नावं ठेवील?

तेवढ्यात नवा ट्रेलर शेडमध्ये आला. पोरांनी सवयीने बादल्या भरून ठेवल्या. भाऊंनी एक बादली उचलली, खाली ठेवली आणि जॅकपाशी जाऊन हँडल फिरवायला लागले. ट्रेलरचं नाक वर आलं. आत पाणसळ ठेवून बुडबुडा मधे येईपर्यंत त्यांनी फिरवलं. मग शिडी चढले आणि बारा बादल्या ओतल्या. सगळे माना वर करून बघत होते. पुढच्या काठावरून पाणी आलंच नाही. भाऊ वर, मधल्या तळ्याकडे बघत उभे. थोड्या वेळाने आतून एक जण ओरडला, “भाऊ, इथे गळतंय!”

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. दुपारपर्यंत मागे चार ट्रेलर अडकले. संध्याकाळपर्यंत साहेबांनी हात टेकले, नवं काम बंद ठेवलं आणि गळकी छपरं बदलून द्यायचं कबूल केलं. भाऊंनी तक्रारखिडकीवरच्या बाईंकडून फोन करणाऱ्यांची नावं घेतली आणि कागदावर आलेल्या क्रमाने उतरवून काढली. ज्याचा फोन आधी, त्याचं छप्पर आधी. ताईचा फोन घरी आला होता, तोही तारखेप्रमाणे धरला, तेव्हा ती एकतिसावी आली.

घरी पोचले तेव्हा ताई पुढच्या खोलीत बसली होती. तिच्या हातात ते पिवळं कार्ड होतं. ट्रेलरमधून निघताना तिने ते कपाटाच्या दारावरून सोडवून आणलं होतं, आणि भिजू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. गादी भिजली, पांघरुणं भिजली, पण कार्ड कोरडं ठणठणीत होतं. भाऊंना ते बघवेना.

“ताई, मला माफ कर,” ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फरशी, उतार, बादल्या, साहेबांचा शब्द, यादी, एकतिसावा नंबर. “परवा झालं असतं तुझं. मी नाही म्हणालो. आता दोन महिने तरी लागतील.”

ताईने नंबराचं काही विचारलं नाही. परवाचंही विचारलं नाही. 

“म्हणजे ट्रेलर तिरका नव्हता?” तिने विचारलं.

“नव्हता.”

“एकदाही?”

“एकदाही नाही, ताई.”

आतल्या खोलीत भावोजी पडले होते, खोकत होते. ताई उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. 

“अहो, ऐकलंत का? तुम्ही सरळच लावला होता.”

खोकला जरा थांबला. “काय म्हणालीस?”

“तुम्ही सरळच लावला होता म्हटलं.”

“पुन्हा सांग,” आतून भावोजी म्हणाले. आवाज बसलेला होता, पण त्यात हसू होतं. “तीन आठवडे रोज एक ऐकलंय मी. मोजून एकवीस वेळा. तेवढ्या वेळा तरी सांग.”

ताईने दाराची चौकट धरली. “सरळ लावला होता,” ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं. भाऊ तिच्यामागे तसेच उभे राहिले. मग उरलेल्या अठरा वेळांचं ‘सरळ लावला होता’ त्यांनी मोठ्याने, एकेक करून, म्हणायला सुरुवात केली.